कडी, तुळई आणि पत्रा: हिंगोलीच्या छपरांसाठी जोडसामानाची निवड

घराचे छप्पर पेलणारी लाकडे किती जाड असावीत, याचा विचार बांधणारा प्रत्येक जण करतो. पण ही लाकडे एकमेकांना कशाने धरून ठेवली आहेत, हा प्रश्न बहुतेक वेळा दुकानातून किलोभर खिळे आणून मिटवला जातो. खिळे, स्क्रू, बोल्ट, हुक आणि लोखंडी पट्ट्या यांना एकत्रितपणे जोडसामान म्हणता येईल. छपराच्या एकूण खर्चात या सामानाचा वाटा लहान असला, तरी वारा किंवा धक्का आल्यावर छप्पर टिकणार की सुटणार, हे पुष्कळदा त्याच्यावरच ठरते. हिंगोली जिल्ह्यात हा प्रश्न विशेष निकडीचा आहे, कारण येथे एकाच गावात मातीची जड माळवदे आणि दगडांनी दाबून ठेवलेले हलके पत्रे शेजारी शेजारी आढळतात, आणि या दोन्ही प्रकारांत छपराचे भाग एकमेकांवर केवळ टेकलेले असतात, बांधलेले नसतात.

माळवदाची रचना मराठवाड्याला परिचित आहे. खांबांवर आडवे टेकलेले मुख्य जाड लाकूड म्हणजे तुळई, दोन तुळयांच्या दरम्यान ठरावीक अंतराने टाकलेली त्याहून बारीक लाकडे म्हणजे कड्या, कड्यांवर फळ्या किंवा किलचन आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर, अशी ही मांडणी असते. उन्हाळ्यात गारवा देणारा हा थर फूटभर जाडीचा असला, तरी त्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ५०० किलो भरते, आणि दर पावसाळ्यापूर्वी नवी माती टाकण्याच्या रिवाजामुळे जुन्या घरांत तो दोन फुटांच्याही पुढे गेलेला असतो. एवढे ओझे खाली दाबत असल्यामुळे कडी जागची हलणार नाही, असा समज होतो, आणि घर स्थिर असेपर्यंत तो खराही ठरतो. जमीन आडवी हलू लागली की मात्र तेच वजन आडवा जोर निर्माण करते आणि न बांधलेली कडी तुळईवरून घसरू शकते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सुमारे दहा हजार माणसे दगावली. त्या हानीचे मुख्य कारण मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांच्यासोबत कोसळलेली ही जड माळवदे हेच होते.

हिंगोलीच्या वाट्याला तेवढा मोठा भूकंप आलेला नाही, परंतु वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे आणि त्याच्या आसपासच्या गावांना जमिनीतून येणारे आवाज आणि लहान हादरे अनेक वर्षांपासून परिचयाचे आहेत. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमारास ४.५ तीव्रतेचा आणि त्यानंतर सुमारे दहा मिनिटांनी ३.६ तीव्रतेचा धक्का बसला. १० जुलै २०२४ रोजी सकाळी सव्वासातच्या सुमारास पुन्हा ४.५ तीव्रतेचा धक्का जाणवला, ज्याचा केंद्रबिंदू कळमनुरी तालुक्यातील रामेश्वर तांडा परिसरात होता. मार्चमधील धक्क्यांनंतर शेजारच्या नांदेड जिल्ह्याच्या प्रशासनाने पत्र्यांवर आधारासाठी ठेवलेले दगड काढून घेण्याचे आवाहन केले. हे आवाहन योग्यच होते, परंतु दगड काढल्यावर पत्रा कशाने धरायचा, याचे उत्तर ज्याला त्याला स्वतः शोधावे लागते, आणि ते उत्तर जोडसामानाच्या निवडीत आहे.

निवड करण्यापूर्वी जोडावर जोर कोणत्या दिशेने येणार आहे, हे ओळखावे लागते. वजनामुळे येणारा जोर खाली असतो, भूकंपाचा जोर मुख्यतः आडवा असतो, आणि वाऱ्याचा जोर, अनेकांच्या कल्पनेच्या उलट, छपराला वर उचलणारा असतो. खिळ्याच्या दृष्टीने या जोरांचे दोन प्रकार होतात. जोडलेले दोन भाग एकमेकांवरून सरकू पाहतात, तेव्हा खिळ्याच्या दांड्यावर आडवा काप बसतो; याला कर्तन असे म्हणतात. दोन भाग एकमेकांपासून दूर जाऊ पाहतात, तेव्हा खिळा लाकडातून उपसला जातो. साधा गुळगुळीत खिळा कर्तनाला चांगला टिकतो, पण उपसण्याला फारच कमी दाद देतो, कारण त्याला लाकडाच्या घर्षणाखेरीज दुसरे काही धरून ठेवत नाही, आणि लाकूड वाळून आकसले की ते घर्षणही घटते. आट्यांचा स्क्रू याच्या उलट, उपसण्याला बळकट असतो. कर्तनाला तो किती टिकेल, हे मात्र त्याच्या पोलादावर आणि जाडीवर अवलंबून असते. या एका फरकाकडे लक्ष दिले, तर पुढील बहुतेक निर्णय आपोआप सोपे होतात.

कडी तुळईच्या डोक्यावर न टेकवता तिच्या बाजूला, समपातळीत बसवायची असेल, तेव्हा लोखंडी आधाराची गरज लागते. घरात नवा माळा काढताना, वाळवीने खाल्लेली एखादीच कडी बदलताना किंवा छताची उंची वाचवायची असताना हा प्रसंग येतो. पाश्चात्त्य देशांत लाकडी घरांसाठी असा आधार तयार मिळतो आणि त्याला जॉइस्ट हँगर म्हणतात: जस्त चढवलेल्या पत्र्याचा, कडीला खालून आणि दोन्ही बाजूंनी कवेत घेणारा, आणि दोन पाखांनी तुळईला चिकटणारा तुकडा. तालुक्याच्या ठिकाणी तो तयार मिळण्याची शक्यता कमी असली, तरी कोणताही चांगला वेल्डिंगवाला तीन मिलिमीटरच्या लोखंडी पट्टीतून असे ब्रॅकेट बनवू शकतो. बनवून घेताना ब्रॅकेटची रुंदी कडीच्या प्रत्यक्ष मापाची असावी, त्याची बैठक कडीखाली किमान दोन इंच जावी, आणि छिद्रे जो खिळा वापरायचा आहे त्याच्याच मापाची पाडावीत. छिद्र मोठे पाडून बारीक खिळा ठोकला, तर जोड आधी ढिलाईने सरकतो आणि मगच जोर घेऊ लागतो.

या ब्रॅकेटमध्ये कोणता खिळा वापरावा, हा खरा कळीचा प्रश्न आहे. कडीचे सगळे वजन ब्रॅकेटवर येते आणि ब्रॅकेटचे वजन तुळईत ठोकलेल्या खिळ्यांवर, म्हणजे येथे मुख्य जोर कर्तनाचा असतो आणि त्यासाठी जाड दांड्याचा, डोके घट्ट असलेला खिळा लागतो. दुकानात खिळ्याची जाडी गेजमध्ये सांगितली जाते आणि गेजचा आकडा जितका लहान तितका खिळा जाड असतो: १० गेज म्हणजे सुमारे ३.२५ मिलिमीटर, ९ गेज म्हणजे ३.६६ आणि ८ गेज म्हणजे ४.०६ मिलिमीटर. तुळईत ठोकायचे खिळे ८ किंवा ९ गेजचे आणि तीन इंच लांबीचे असावेत. कडीच्या बाजूने ठोकायचे खिळे कडीच्या जाडीनुसार आखूड चालतात, परंतु काही ब्रॅकेटमध्ये कडीतून तिरपा जाऊन तुळईत शिरणारा खिळा योजलेला असतो. अशा तिरप्या छिद्रात आखूड खिळा वापरल्यास तो तुळईपर्यंत पोहोचतच नाही आणि जोड दिसायला पूर्ण, पण प्रत्यक्षात अर्धाच राहतो. पाडलेले प्रत्येक छिद्र भरलेच पाहिजे. चार खिळ्यांत काम भागते असे वाटून बाकीची छिद्रे मोकळी सोडणे ही या कामातील सर्वांत सामान्य आणि सर्वांत महागात पडणारी काटकसर आहे.

काही वस्तू या जागी कधीही वापरू नयेत. जिप्सम बोर्डाच्या फॉल्स सीलिंगसाठी मिळणारे काळे, बारीक, टोकदार स्क्रू हल्ली प्रत्येक सुताराच्या पेटीत असतात, आणि बॅटरीच्या यंत्राने ते झटपट बसतात म्हणून ब्रॅकेटसाठीही सर्रास वापरले जातात. ते कडक, पण ठिसूळ पोलादाचे असतात; जोर आल्यावर चांगला खिळा वाकतो आणि वाकून इशारा देतो, तर हा स्क्रू इशारा न देता मधोमध तुटतो. मोठ्या डोक्याचे आखूड पत्र्याचे खिळे, दरवाजाच्या बिजागरीचे साधे स्क्रू आणि जुन्या लाकडातून काढून सरळ केलेले खिळे यांचीही गणना याच वर्ज्य यादीत करावी. स्क्रूच वापरायचे असतील, तर ते भार पेलण्यासाठी बनवलेले, जाड दांड्याचे आणि जस्त चढवलेले असावेत, आणि उत्पादकाने तसे पाकिटावर नमूद केलेले असावे.

सागवान, बाभूळ किंवा जुने कडक झालेले लाकूड यांत खिळा थेट ठोकल्यास लाकूड रेषेत फाटते, आणि फाटलेल्या लाकडात खिळ्याची पकड जवळपास संपते. त्यामुळे खिळ्याच्या जाडीच्या सुमारे चार-पंचमांश मापाचे छिद्र आधी ड्रिलने पाडून घ्यावे आणि एकाच रेषेत सगळे खिळे न ठोकता ते थोडे वर-खाली ठेवावेत. कडीच्या टोकाकडून, म्हणजे लाकडाच्या रेषांना समांतर ठोकलेला खिळा फार सहज उपसला जातो. तुळईच्या पलीकडून कडीच्या टोकात दोन खिळे मारून कडी लटकवण्याची पद्धत म्हणूनच पूर्णपणे टाळावी. कडीचे टोक तुळईला भिडलेले असावे, मध्ये तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट नसावी, कारण फट वाढली की खिळ्याला कापाऐवजी वाकणे सोसावे लागते. लाकूड ओले असेल तर ते वाळेपर्यंत थांबावे, आणि ते शक्य नसेल तर खिळ्यांऐवजी आरपार बोल्ट घालून, दोन्ही बाजूंना मोठे वायसर देऊन, पहिला उन्हाळा उलटल्यावर नट पुन्हा आवळावेत.

असे असले तरी पूर्ण मातीचे माळवद ब्रॅकेटवर लटकवणे शहाणपणाचे नाही. आठ फुटांची, दीड फुटाच्या अंतराने टाकलेली कडी फूटभर मातीखाली साडेपाचशे किलोच्या घरात ओझे वाहते आणि तिच्या प्रत्येक टोकाला पावणेतीनशे किलो येतात. एका खिळ्याची सुरक्षित क्षमता मात्र काही दहा किलोंत मोजली जाते, शेकड्यांत नव्हे. जुन्या सुतारांनी कडी तुळईच्या डोक्यावर टेकवली, ती या ओझ्यासाठी योग्यच होती. तेथे सुधारणा करायची असेल, तर बैठक तशीच ठेवून कडी आणि तुळई यांना जाड लोखंडी पट्टीने किंवा अँगलच्या तुकड्याने दोन्ही बाजूंनी बांधावे, म्हणजे खालचा जोर लाकूड घेईल आणि आडवा जोर पट्टी घेईल. खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरपा लाकडी किंवा लोखंडी टेकू बोल्टने बसवल्यास संपूर्ण सांगाडा आडव्या धक्क्यात कलंडण्यापासून वाचतो. त्याही आधी करण्याचे काम म्हणजे साचलेली जास्तीची माती उतरवणे. त्याची बरोबरी कोणताही खिळा करू शकत नाही. ही माती एका बाजूने संपूर्ण न काढता, छपरावर थोडी थोडी करून सर्व बाजूंनी सारखी उतरवावी, आणि भिंतींना फुगवटा आलेला असेल तर अभियंत्याला दाखवल्याशिवाय वर चढूच नये.

दगड-मातीच्या भिंतीत ब्रॅकेट बसवण्याचा मोह अनेकांना होतो. भोकात शिरून फुगणारे आणि पकड घेणारे बोल्ट, ज्यांना बाजारात अँकर फास्टनर म्हणतात, ते काँक्रीटसाठी बनवलेले असतात. मातीत रचलेल्या दगडाला ते फक्त बाजूला ढकलतात. अशा भिंतीवर भार द्यायचाच असेल, तर भिंतीच्या माथ्यावर चारही बाजूंनी सलग फिरणारा सळई आणि काँक्रीटचा पट्टा घालून त्यात बोल्ट आधीच पुरून ठेवावा. कमी ताकदीच्या दगडी बांधकामाला भूकंपासाठी बळकट कसे करावे, याबाबत भारतीय मानक आयएस १३८२८ हे १९९३ पासून उपलब्ध आहे, आणि त्यात अशा पट्ट्यावरच भर दिलेला आहे. पट्टा शक्य नसल्यास भिंतीलगत स्वतंत्र खांब उभा करून तुळई त्यावर घ्यावी.

गंजाचा विचार स्वतंत्रपणे केला पाहिजे, कारण आज बळकट असलेला खिळा आतून गंजून दहा वर्षांत निम्मा झाल्याचे बाहेरून कळत नाही. कोरड्या खोलीत साधा लोखंडी खिळा पुष्कळ वर्षे टिकतो, परंतु गोठ्यात, न्हाणीजवळ, गळक्या माळवदाखाली आणि वळचणीला ओल कायम असते, आणि गोठ्यातील मूत्र व शेणातून निघणारा अमोनिया जस्तालाही हळूहळू खातो. अशा ठिकाणी वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेले, म्हणजे हॉट डिप प्रक्रियेचे सामान घ्यावे. केवळ चकाकणारा पातळ मुलामा असलेले स्वस्त सामान याहून वेगळे असते: बुडवून काढलेल्या वस्तूचा रंग मळकट करडा आणि पृष्ठभाग किंचित खडबडीत असतो. बाभळीसारख्या लाकडांतील टॅनिन नावाचे द्रव्य ओलाव्यात लोखंडाशी संयोग पावून काळे डाग पाडते आणि खिळा लवकर झिजवते, त्यामुळे तेथेही जस्ताचा थर आवश्यक ठरतो. ब्रॅकेट ज्या धातूचे, खिळेही त्याच धातूचे असावेत. जस्ताच्या ब्रॅकेटमध्ये स्टेनलेस स्टीलचे खिळे मिसळल्यास ओलाव्यात ब्रॅकेटचे जस्त लवकर संपते. वेल्डिंग केलेल्या जागी जस्त जळून जाते, म्हणून तेथे घासून जस्तयुक्त रंगाचे दोन हात द्यावेत, आणि जस्ताच्या पत्र्यावर वेल्डिंग करताना निघणारा धूर अपायकारक असल्याने ते काम उघड्यावरच करावे.

आता पत्र्याकडे वळता येईल, कारण जिल्ह्यातील अनेक छपरे पत्र्याची आहेत. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा दर चौरस मीटरला जेमतेम चार किलो भरतो. वाऱ्याचा दाब मोजण्याचे भारतीय मानकातील सूत्र सांगते की सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला नव्वद किलोंच्या पुढे जातो, आणि छपराच्या कडेला, कोपऱ्यांत व आढ्याजवळ उचलणारा जोर मधल्या भागापेक्षाही जास्त असतो. एप्रिल-मेमधील वळवाच्या वावटळीत याच्या निम्मा वेग आला, तर जोर चौपटीने घटतो, तरीही तो पत्र्याच्या वजनाच्या पाच-सहा पट राहतो. चार कोपऱ्यांवर ठेवलेले वीस-वीस किलोचे दगड एवढ्या जोराला पुरत नाहीत. पत्रा उचलला गेला की तेच दगड गडगडत खाली येतात, आणि भूकंपात तर वारा नसतानाही येतात. दगड हा आधार नाही, डोक्यावर ठेवलेला धोका आहे, असेच म्हटले पाहिजे.

लोखंडी पाइपावर किंवा अँगलवर पत्रा बसवताना दोन पर्याय आहेत. पहिला जे आकाराच्या हुकाचा: आठ मिलिमीटर जाडीचा, खालून पाइपाला कवेत घेणारा आणि वरून नटाने आवळला जाणारा. हा जुना आणि भरवशाचा पर्याय आहे, मात्र पत्र्याचे भोक छिन्नीने न फोडता ड्रिलने पाडावे, पत्र्याला लागून डांबरी वायसर आणि त्यावर लोखंडी टोपी-वायसर अशाच क्रमाने घालावे, आणि हुकाचा आकडा पाइपाच्या मापाचा आहे ना, हे आधी पाहावे. दुसरा पर्याय स्वतःच भोक पाडत शिरणाऱ्या सेल्फ ड्रिलिंग स्क्रूचा, ज्याच्या डोक्याखाली कृत्रिम रबराचे वायसर असते. यात एक चूक वारंवार होते. लोखंडासाठीच्या स्क्रूचे टोक ड्रिलसारखे आणि आटे जवळजवळ असतात, तर लाकडासाठीच्या स्क्रूचे आटे विरळ आणि खोल असतात. लाकडी वाशावर लोखंडाचा स्क्रू मारल्यास तो बसल्यासारखा वाटतो, पण पहिल्या मोठ्या वाऱ्यात उपसला जातो. पन्हळीच्या पत्र्याला भोक उंचवट्यावर घ्यावे, पाणी वाहते त्या खोलगट भागात नव्हे. रबराचे वायसर किंचित फुगेल इतकेच आवळावे. जास्त आवळल्यास ते चिरते आणि दोन पावसाळ्यांत गळती सुरू होते. वळचणीला, आढ्याला आणि दोन्ही कडांना प्रत्येक किंवा एकाआड एक उंचवट्यावर हुक घ्यावा. मधल्या भागात अंतर वाढवता येते.

पत्रा पाइपाला घट्ट बसला, तरी पाइप खांबाला बांधलेला नसेल तर वारा दोन्ही एकत्र उचलतो. साखळीची ताकद तिच्या सर्वांत कच्च्या कडीएवढीच असते, म्हणून पत्रा ते पाइप, पाइप ते खांब आणि खांब ते पाया हे तिन्ही जोड एकाच जोराचा विचार करून निवडावेत. भिंतीवर नुसता टेकवलेला पाइप हा या साखळीतील नेहमीचा कच्चा दुवा असून, भिंतीत खोलवर नेलेल्या सळईने किंवा भिंतीलगतच्या खांबाला वेल्डिंग करून तो बांधता येतो.

खरेदी करताना केवळ वजनावर आणि भावावर न जाता मोजपट्टी सोबत न्यावी, खिळ्याची जाडी प्रत्यक्ष मोजून घ्यावी, मानकचिन्ह असलेल्या सामानाला प्राधान्य द्यावे, आणि ब्रॅकेट, खिळे व हुक यांची संख्या आधी कागदावर मांडून त्यापेक्षा थोडे जास्तच आणावे, म्हणजे शेवटची छिद्रे मोकळी सोडण्याची वेळ येत नाही. मृगाचा पाऊस सुरू होण्यापूर्वी दरवर्षी एकदा सगळे नट आणि वायसर तपासावेत, आणि भूकंपाचा धक्का जाणवल्यानंतर ही तपासणी दिवसाच्या उजेडात, एक माणूस शिडी धरून उभा असताना, पुन्हा करावी.

ज्या घरांच्या पत्र्यांवर आजही दगड आहेत, त्यांनी आधी हुक बसवून घ्यावेत आणि त्याच दिवशी दगड खाली उतरवावेत; हुक बसवणे लांबणार असेल, तर निदान झोपण्याच्या जागेवरचे दगड ताबडतोब काढून, तेवढ्यापुरता पत्रा जाड तारेने पाइपाला बांधून घ्यावा.